दुसरं अंडं

सासूबाई म्हणजे आमच्या कड्यावरची गरुडाची मादी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर माझी खरी सासू वर बसून मला शिव्या घालेल. गरुडांचं काम बघणाऱ्या कचेरीच्या कागदांत हिचा नंबर चोवीस. पंखावरच्या निळ्या पट्टीवरही तोच आकडा आहे. पाखरांना नाव द्यायचं नाही असा कचेरीचा नियम. नाव दिलं की माया लागते म्हणे. पण ती पांढरं डोकं तिरकं करून अशी काही बघते, की माझ्या हातून तव्यावरची मक्याची तोर्तिया करपली की सासू कशी बघायची तेच आठवतं. मग नर आपोआप मामंजी झाला. नियम करणाऱ्यांनी इथे येऊन एक हिवाळा काढावा आणि मग मला शिकवावं.

सांता रुफिना बेटावर माणसं दोनच. मी कुका, आणि माझा नवरा रामिरो. तो इथेच जन्मला. त्याचे वडील मेंढ्यांची लोकर कातरायला आले आणि राहिले. आईनं याला रँचच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी जन्म दिला. पुढे मेंढ्या गेल्या, रँच बंद झाली, सगळे किनाऱ्यावर निघून गेले. गरुड परत आणायचं काम सुरू झालं तेव्हा कचेरीला कडे चढणारा माणूस हवा होता, आणि इथला प्रत्येक कडा रामिरोला तोंडपाठ होता. म्हणून आम्हाला घर मिळालं. घर चढणाऱ्याचं आहे. चढणारा थांबला की घर दुसऱ्या चढणाऱ्याचं. यात कुणाचा दुष्टपणा नाही, बेटावर घरच एक आहे.

आता अंड्यांचं सांगते. आम्ही लहान असताना या समुद्रात किडे मारायचं विष सोडलं गेलं. ते माशांत गेलं, माशांतून गरुडांत, आणि गरुडांच्या अंड्यांची कवचं कांद्याच्या सालीसारखी झाली. आई उबवायला बसली की अंडं फुटलंच. बेटांवरचे गरुड असेच संपले. बाहेरून आणून पुन्हा सोडले, पण विष अजून तळाशी आहे. म्हणून मार्चमध्ये सासूबाईनं अंडी घातली की रामिरो दोर लावून घरट्यात उतरतो, खरी दोन अंडी उचलतो आणि तिथे दोन खोटी ठेवतो. खरी जातात किनाऱ्यावरच्या उबवणी यंत्रात. सासूबाई पाच आठवडे खोट्या अंड्यांवर इमानेइतबारे बसते, पावसात, वाऱ्यात. एप्रिल अर्धा झाला की किनाऱ्यावरून पिल्लू येतं. रामिरो पुन्हा उतरतो, खोटी अंडी काढतो, पिल्लू ठेवतो. ती परत येते, बघते तर अंडी नाहीत, पिल्लू आहे. फुटलं वाटतं, असं समजून ती त्याला पोटाखाली घेते. अकरा वर्षं आम्ही तिला असं फसवतोय. दर वर्षी मला तिची दया येते आणि दर वर्षी ती पिल्लाला पहिला घास भरवते तेव्हा मी रडते.

एक गोष्ट मात्र चुकून चालत नाही. खोटी अंडी दोन्ही काढायची. एक जरी राहिलं तरी तिच्या लेखी अजून काही फुटलेलंच नसतं. ती अंड्यावर बसून राहते आणि पिल्लू काठावर काकडतं. बारा दिवसांचा जीव तो, अंगावर नुसती लव. आमच्या एप्रिलच्या वाऱ्यात दुपार काढणंही त्याला कठीण. म्हणून आमची एक पद्धत आहे. घरट्यात उतरलेला माणूस एकेक अंडं हातात उंच धरून खाडीपलीकडच्या डोंगराकडे दाखवतो. त्या डोंगरावर दगड रचून केलेला आडोसा आहे आणि आडोशात दुर्बिणीला डोळा लावून मी बसलेली असते. मी मोजते, वहीत लिहिते आणि वायरलेसवर "दोन" म्हणते. मी दोन म्हटल्याशिवाय त्यानं वर चढायचं नाही.

त्या दिवशी मी "दोन" म्हटलं. अंडं मात्र मी एकच पाहिलं होतं.

झालं असं. सकाळी नऊला वेंडी ओकाडा हेलिकॉप्टरनं पिल्लू घेऊन आली. वेंडी म्हणजे या कामाची मुख्य. चाळिशीची, अंगानं काडी, पण शब्दाला पक्की. रामिरोला ती उस्ताद म्हणते, कारण गाठी मारायला तिला त्यानंच शिकवलं. कड्याच्या माथ्यावर ती दोर सांभाळायला थांबली आणि रामिरो खाली उतरला. सासूबाई आणि मामंजी दोघंही उठून डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होते. रामिरोनं पिल्लू गवतावर ठेवलं, एक अंडं उचललं, मला दाखवलं, पिशवीत टाकलं. मी म्हटलं, एक. तेवढ्यात मामंजीनं थेट त्याच्या डोक्यावर झडप घातली. रामिरो खाली बसला, माझं काळीज हललं, दुर्बीण हलली. पुन्हा नीट लावेपर्यंत तो पिशवीचं तोंड आवळत होता.

"कुका, सांग," तो वायरलेसवर म्हणाला.

विचारायला हवं होतं, दुसरं दाखव. एवढंच दोन शब्दांचं काम. पण विचारलं असतं आणि तो म्हणाला असता, दुसरं कुठलं, तर ते वेंडीनं ऐकलं असतं. वायरलेस तिघांकडेही होता.

"दोन," मी म्हटलं, आणि वहीतही लिहिलं.

कारण नाताळपासून मी हेच करत होते. नाताळात त्यानं एकाच भांड्यात तीनदा मीठ टाकलं आणि मी म्हटलं, माझाच हात सैल पडला. जानेवारीत त्यानं होडी न बांधताच सोडून दिली, होडी वाहून गेली, आणि मी वेंडीला सांगितलं की गाठ मी मारली होती. आमच्या मुलीला, इनेसला, फोनवर त्यानं स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. ती म्हणाली, "आई, बाबांना काय होतंय? तुम्ही इकडे या. खोली तयार आहे." मी तिच्यावरच खेकसले की तुझा फोन खरखरतो, माणसाला ऐकू येत नाही. खोली तयार आहे म्हणे. इनेसच्या खोलीच्या खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. रामिरो तिथे चार दिवस राहिला की जेवण टाकतो. त्याला तिथे नेऊन बसवायचं म्हणजे उपटलेलं झाड बादलीत ठेवण्यासारखं. म्हणून मी झाकत होते. त्याला कळू न देता झाकत होते, असं मला वाटत होतं.

वेंडीला दुसऱ्या बेटावर जायचं होतं. ती हेलिकॉप्टरनं निघून गेली. रामिरो दोर गुंडाळून, पिशवी खांद्याला लावून, खाडीला वळसा घालून वीस मिनिटांत आडोशात आला. डोकं उघडं होतं आणि केस विस्कटलेले.

"टोपी कुठाय?"

"हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं उडाली. समुद्रात गेली, उतरायच्या आधीच."

"चांगली लोकरीची टोपी. आता कानात वारा गेला की रात्रभर कण्हत बसशील, आणि उठायचं मी."

"बसली का ती?" त्यानं विचारलं.

"बसली."

बसली होती. घरट्याच्या बरोबर मधोमध बसली होती, आणि पिल्लू तिच्यापासून हातभर लांब, काटक्यांच्या काठाशी, मान वर करून चोच उघडत होतं. पहिली पंधरा मिनिटं मी स्वतःला म्हटलं, बावरली असेल. वीस मिनिटांनी ती उठली, चोच खाली घातली आणि पोटाखालचं काहीतरी हळूच फिरवलं. अंडं फिरवतात ना, तसं. मग अंग हलवत पुन्हा त्यावर बसली. तिच्या पिसांमधून मला पांढरं दिसलं.

रामिरो डबा उघडून बीन्स काढत होता. मी त्याची पिशवी जवळ ओढली आणि आत हात घातला. एक अंडं. सगळे कोपरे चाचपले. एकच.

आता ऐका, मी काय काय विचार केला ते. आधी वाटलं, मीच उतरते. पण माझा डावा गुडघा बारा वर्षांपूर्वी गेलाय, मला घराची पायरीसुद्धा शिव्या दिल्याशिवाय चढता येत नाही. मग वाटलं, त्यालाच पुन्हा पाठवू, काहीतरी कारण सांगून. पण अकरा वर्षांत कधी नाही ते आज एक अंडं विसरला. दोराची कडी लावायची विसरला तर? कड्याखाली दीडशे हात खोल आणि खाली खडक. मग वाटलं, गप्प बसू. पिल्लं मरतात. दर वर्षी कुठल्या तरी बेटावर एखादं मरतं, कचेरी लिहिते की आईनं स्वीकारलं नाही. सासूबाईवर ढकलायचं आणि मोकळं व्हायचं.

हे मी खरंच मनात आणलं. लाज वाटते, पण आणलं. पिल्लू माझ्यासमोर चोच वासत होतं आणि मी त्याला आणि नवऱ्याला तराजूत तोलत होते.

"खा ना," रामिरो म्हणाला. "गार होतंय."

"भूक नाही."

"तुला भूक नाही म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय." त्यानं मला बाजूला सारलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. मी थांबवलं नाही. कदाचित मला त्यालाच दिसू द्यायचं होतं. तो बराच वेळ बघत राहिला. "ही पिल्लाला घेत का नाही?"

मी वहीची पानं चाळायला लागले.

"कुका. ही अशी अंड्यावर बसल्यासारखी का बसलीय?"

"कारण ती अंड्यावर बसलीय."

"मी दोन्ही काढली."

"एक काढलंस."

"दोन. तू मोजलीस. तूच म्हणालीस दोन."

"म्हटलं मी. खोटं म्हटलं." मी पिशवी त्याच्या पुढ्यात उपडी केली. ते एकुलतं एक अंडं दगडांत घरंगळत गेलं. "एकच दाखवलंस. मी बघितलं आणि तरी दोन म्हटलं."

"का?"

"का म्हणजे? डोकं आहे का ठिकाणावर? वेंडी ऐकत होती म्हणून."

डोकं ठिकाणावर आहे का, हे मी त्याला पंचेचाळीस वर्षं रोज विचारत आले. त्या दिवशी ते बाहेर पडलं आणि मलाच लागलं. त्यानं अंडं उचललं, बाहीनं पुसलं आणि मांडीवर ठेवलं.

"कधीपासून माहितेय तुला?" त्यानं विचारलं.

"नाताळपासून."

"मला सप्टेंबरपासून."

म्हणजे माझ्याही आधीपासून.

"टोपीच्या आत लिहून ठेवलं होतं," तो म्हणाला. "पट्टा. कडी. गाठ. पिल्लू. अंडं एक, अंडं दोन. उतरायच्या आधी टोपी काढून घाम पुसल्यासारखं करायचो आणि वाचायचो. घरट्यात पोचलो की पुन्हा एकदा. आज टोपी नव्हती. पट्टा, कडी, गाठ आठवलं. पिल्लू तर हातातच होतं. एक अंडं काढलं आणि मग तो नर डोक्यावर आला. आणि मग मला वाटलं, झालं."

"मला सांगायचं नाही?"

"तू झाकत होतीस. मला वाटलं, हिला झाकू दे, हिला बरं वाटतंय."

असा माणूस. सात महिने तो माझ्यापासून लपवत होता, मी त्याच्यापासून, आणि एकाच ताटात जेवत होतो. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यानं तो मुकाट्यानं घेतला.

पलीकडे वारा वाढला होता. पिल्लाची मान आता वर राहत नव्हती, वर व्हायची आणि पडायची. सासूबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून समुद्राकडे बघत होती. तिची काय चूक. तिला जे जपायला ठेवलं होतं, तेच ती जपत होती.

"वायरलेस दे," रामिरो म्हणाला.

"थांब. काय सांगायचं ते आधी ठरवू. मी सांगते की मी मोजायला चुकले. म्हातारी झाले, डोळे गेले. मला आडोशातून काढतील, काढू देत. दोर तुझा राहील."

"आणि पुढच्या वर्षी मी काय विसरेन?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

"कुका, ते पिल्लू मरतंय."

तो रागावून बोलला असता तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण तो साधं बोलला, चहा गार होतोय म्हणावं तसं. मी वायरलेस त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

"वेंडी, रामिरो बोलतोय. चोवीस नंबरच्या घरट्यात मी एक खोटं अंडं विसरलोय. ती पिल्लाला घेत नाहीये. तुला यावं लागेल. मला खाली उतरता येणार नाही."

वायरलेसमध्ये नुसती खरखर. मग वेंडी म्हणाली, "पाय दुखावलाय का, उस्ताद?"

"नाही. मी विसरायला लागलोय. बरेच महिने झाले. तू ये, मग काय बोलायचं ते बोल. पिल्लू एक दीड तास तग धरेल."

"कुकाबाई तिथेच आहेत?"

"आहे," मी ओरडले. "आणि दोन मीच म्हटलं होतं. मुद्दाम. तेही लिहून घे."

आम्ही कड्याच्या माथ्यावर पोचलो तेव्हा हेलिकॉप्टर मागच्या माळावर उतरत होतं. माझा गुडघा वीस मिनिटांच्या रस्त्यात दहादा मोडला. वेंडी पट्टा चढवतच धावत आली. तिनं रामिरोच्या दंडाला एकदा हात लावला. मग तिनं स्वतः कड्या लावल्या, स्वतः गाठी तपासल्या, आणि जपणुकीचा दोर, ती घसरली तर आवरणारा, माझ्या कमरेला बांधला. मला बसूनच धरायचा होता, गुडघ्याचं काम नव्हतं.

"उस्ताद, मी या कड्यावर कधीच उतरलेले नाही," ती म्हणाली. "वरूनच बघितलंय. वीस हातांनंतर काय आहे मला माहीत नाही. खडक आत जातो, तिथून पुढे दिसत नाही."

रामिरो कड्याच्या टोकाशी पोटावर आडवा झाला. मान बाहेर काढली. तिथूनही त्याला खालचा खडक दिसत नव्हता. त्यानं डोळे मिटले.

"उतर. पाठ समुद्राकडे. आता उजव्या पायाखाली एक कंगोरा लागेल, बोटभर. त्याच्यावर भार टाकू नकोस, नुसता टेक. टेकलास?"

"टेकला."

"डावा पाय खाली, गुडघाभर खाली. तिथे फट आहे, त्यात पिवळं शेवाळ. ओलं असतं. टाच आत घाल."

"आहे. शेवाळ आहे."

"आता खडक पोटात घेतो. घाबरू नकोस, पाय सुटतील, दोरावर लोंबकळशील. डाव्या हाताला एक भोक आहे, मूठ जाईल एवढं. त्यात मूठ घालून स्वतःला आत ओढ."

असं तो सांगत राहिला. कुठला दगड हलतो, कुठल्या दगडावर पाखरांची घाण असते आणि पाय घसरतो, कुठे सासूबाई बसून मासे फाडते आणि काटे पडलेले असतात. एकदाही थांबला नाही. सकाळी काय खाल्लं हे ज्याला संध्याकाळी सांगता येत नाही, तो माणूस डोळे मिटून तो कडा वाचून दाखवत होता. मी दोर धरून बसले होते आणि माझ्या नाकातून पाणी गळत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"पोचले," वेंडीचा आवाज आला. मग जरा वेळानं, "पिल्लू गार आहे, पण हलतंय. थोडं छातीशी धरते." मग, "अंडं हातात आहे. उस्ताद, दुसरं अंडं माझ्या हातात आहे."

"पिशवीत टाक," रामिरो म्हणाला. "आणि आता मी सांगतो तसंच वर ये."

ती वर आली. धापा टाकत बसली. पिशवीतून अंडं काढून तिनं आधी मला दाखवलं, मग त्याला. नियम म्हणजे नियम.

"दोन," मी म्हटलं.

वेंडीनं हातमोजे काढले. "उस्ताद, यापुढे तुम्ही दोरावर नाही."

"ठाऊक आहे."

"कुकाबाई, तुम्ही खोटं मोजलंत हे मला लिहावं लागेल."

"लिही. मीच सांगितलं ना लिही म्हणून."

"घराचं काय होईल ते मला आज सांगता येत नाही. कचेरीत ठरेल. मी एवढंच सांगेन की या कड्यावर उतरायचं असेल तर वर हा माणूस हवा. ते ऐकतील की नाही, माहीत नाही. खोटी आशा लावत नाही." तिचे डोळे लाल झाले होते. वाऱ्यानं असतील, नसतीलही.

"पुढच्या मार्चपर्यंत मला कडा आठवेल," रामिरो म्हणाला. "त्याच्या पुढच्या मार्चचं नाही सांगता येत. तेव्हा येत्या मार्चला तुझ्या दोन-तीन चढणाऱ्यांना आण. सगळं सांगून टाकतो."

ती मान हलवत राहिली. मग आम्ही तिघं आडोशात गेलो. पहिला घास भरवेपर्यंत थांबायचं असतं, नाहीतर पिल्लू परत न्यावं लागतं. वेंडीनं दुर्बीण रामिरोला दिली. मला वाटलं होतं ती स्वतः घेईल.

सासूबाई वीस मिनिटांनी आली. घरट्याच्या काठावर उतरली. आत पाऊल टाकलं आणि थबकली.

"शोधतेय," रामिरो म्हणाला. "गवत बाजूला करतेय. चोचीनं उकरतेय. पलीकडच्या बाजूलाही बघितलं."

मला बघायचं नव्हतंच. पाच आठवडे ज्याच्यावर बसली ते एका फेरीत गायब. अकरा वर्षांत मी तिला फसताना पाहिलंय, पण पिल्लू समोर असताना अंड्यावरच बसून राहिलेली, आणि मग तेही नेलेलं, असं कधी पाहिलं नव्हतं. वेंडी वहीत डोकं घालून बसली होती. तीही बघत नव्हती.

"अजून शोधतेय." बराच वेळ गेला. "थांबली. पिल्लानं आवाज केला वाटतं. त्याच्याकडे बघतेय. मान वाकडी करून."

"माहितेय कशी बघते ते," मी म्हटलं.

"नर आला. पायांत मासा आहे. तिनं घेतला. फाडतेय." रामिरो दुर्बिणीवर आणखी वाकला. "बारीक तुकडा घेतला. पिल्लाच्या चोचीपाशी नेला. पडला. पुन्हा घेतला." आणि मग त्यानं नुसताच माझा हात घट्ट धरला, आणि मला कळलं.

वेंडीनं वेळ लिहिली, एक वाजून पन्नास, आणि मग गुडघ्यांत तोंड खुपसून रडली. मुख्य असली तरी ती आमच्या इनेसच्याच वयाची. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जरा वेळानं ती हेलिकॉप्टरवाल्याला कळवायला खाली गेली.

रामिरो अजून दुर्बिणीलाच चिकटलेला. "घेतलं पोटाखाली," तो म्हणाला. मग डोळा न काढता विचारलं, "कुका, उद्या तिला आठवेल का गं, इथं एक अंडं होतं म्हणून?"

"छे. सकाळपर्यंत साफ विसरेल," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

तो हसला नाही, रागावलाही नाही. "आणि पिल्लाला भरवायचं?"

"ते नाही विसरायची."

"हं," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. डोळ्याभोवती दुर्बिणीचा गोल वळ उठला होता. "मी विसरत गेलो तर तू चिडशील."

"चिडेन. रोज चिडेन. मला दुसरं काय येतं?"

"चिड," तो म्हणाला. "रोज चिड. आवाज खाली आणू नकोस. इनेससारखं गोड गोड बोलू नकोस माझ्याशी. बाकी काही कळलं नाही तरी तूच आहेस एवढं मला कळेल."

तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. त्याला ते आत्ताच हवं होतं, बघायला, मी करते की नाही ते. म्हणून मी आवाज चढवला.

"मग आधी ती दुर्बीण सोड," मी खेकसले. "तासभर एकटाच बघतोयस. काचेवर सगळी वाफ धरलीस. आणि ते बीन्स उघडे टाकलेत, मुंग्या लागल्या असतील. डोकं आहे का ठिकाणावर?"

रामिरो सरकला, आणि मी त्याच्या बाजूला बसून बघायला लागले.